लाल दोरा डाव्या कानात

१

“गाणं थांबवता येतं पोरी, गाडी थांबवता येत नाही. रस्त्यावर कान उघडे.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा चौदा वर्षांची होते. मास्तर आमच्या शाळेत गाणं शिकवायचे. शाळा सुटली की फाटकाशी उभे राहायचे आणि ज्या पोरीच्या कानात वायर दिसेल तिच्या कानातून ती हळूच काढून तिच्याच तळहातावर ठेवायचे. ओरडणं नाही, रागावणं नाही. आवाज असा, की खोल विहिरीत घागर बुडावी. पुढे मी कान तपासायला शिकले, कमी ऐकणाऱ्यांच्या यंत्रांसाठी कानांचे साचे काढू लागले. रोज शंभर आवाज कानांवरून जातात. पण रस्ता ओलांडताना अजूनही आधी मास्तरांचा आवाज येतो, मग गाड्यांचा.

म्हणून मास्तरांची लेक माझ्या तपासणीच्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा कानात इअरफोन घालून गाडीखाली गेले,” तेव्हा मला वाटलं, आपल्याच कानांत काहीतरी बिघडलंय.

तिचं खरं नाव वेगळं. मास्तर तिला चिमणी म्हणायचे, आणि जगाने तेच उचललं.

“चार दिवस झाले,” ती म्हणाली. “दुकानाच्या मागच्या अंगणात. सव्वाचारला. मालक गाडी मागे घेत होते. बाबा मध्येच उभे. कानात इअरफोन, खिशात फोन, गाणं चालू. मालक म्हणतात, हॉर्न वाजवला, पण ऐकूच गेलं नाही. कागदावर ‘अपघात’ लिहून मोकळे झाले सगळे.”

मास्तर निवृत्तीनंतर त्या दुकानात बसायचे हे मला ठाऊक होतं. दुकान स्वस्तातल्या इअरफोनचं. ज्यांना गाणं नीट ऐकायचंय पण खिसा हलका आहे, अशा लोकांसाठी मास्तर एकेक जोडी ऐकून तिच्यावर चिठ्ठी लिहायचे. लोक खोक्यावरचा मजकूर वाचत नसत, चिठ्ठी वाचत.

“त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं,” चिमणी खाली बघत म्हणाली. “मी म्हटलं, दुकान सोडा, माझ्याकडे राहायला या. त्यांनी ऐकलं नाही. मी तोंड सोडलं. म्हटलं, जगाचे इअरफोन ऐकता, पोटच्या पोरीचं तेवढं ऐकू येत नाही तुम्हांला. ते काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि गेले.”

“मग?”

“मग मलाच करमेना. सव्वाचारला फोन केला, माफी मागायला. तीनदा केला. उचलला नाही.” तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी आटल्यावर तळ दिसतो, तसं काहीतरी होतं. “तू या कामातली आहेस. इअरफोन लावून गाणं चालू असलं आणि फोन आला, तर रिंग कुठे वाजते?”

“कानातच.”

“म्हणजे त्यांनी तीनदा ऐकलं. ऐकून उचलला नाही. चूक कुणाची, गाडी कुणाची, मला काही नको. एवढंच सांग, माझे बाबा माझ्यावर रागावून गेले का?”

तिने पाकीट पुढे सरकवलं. त्यात ती जोडी होती. गोळीसारखी सरळ, बारीक नळी. एका नळीला मुळाशी लाल दोरा बांधलेला. दोन्हींवरच्या रबरी टोप्या वेगवेगळ्या मापाच्या: लाल दोऱ्याच्या नळीवर मोठी, दुसरीवर अगदी लहान.

मी खण उघडला. मास्तरांच्या दोन्ही कानांचे साचे माझ्याकडे होते. दोन वर्षांपूर्वी हौसेने काढून घेतले होते त्यांनी. “बघू तरी, माझं घर आतून कसं दिसतं!” त्यांचा उजवा कान ऐसपैस, डावा अरुंद आणि वाकडा. म्हणून उजवीकडे मोठी टोपी, डावीकडे लहान. आणि उजवा म्हणजे लाल, ही खूण सगळीकडे सारखी.

“कानातून कुणी काढले हे?”

“मीच. दवाखान्यात. कुणाला हात लावू दिला नाही.” चिमणीने डोळे मिटले. “वायर कानांवरून मागे घेतलेली होती. हनुवटीखालची ती सरकती गाठ घट्ट वर ओढलेली, लहान मुलाच्या टोपीची नाडी बांधतात तशी. ती आधी सैल केली. मग उजवीकडची हात लावताच निखळली. डावीकडची मात्र अडकून बसली होती. फिरवून ओढावी लागली.”

“लाल दोरा कुठल्या बाजूला होता?”

“अडकली तीच. डावीकडे. मी त्यांच्या डाव्या हाताशीच बसले होते.”

मी लाल दोऱ्याची नळी डाव्या साच्याला लावून पाहिली. मोठी टोपी तोंडाशीच अडली. जोराने पिळली तेव्हा कुठे अर्धी आत गेली. दुसरी नळी उजव्या साच्यात टाकली, ती टुणकन टेबलावर पडली.

“चिमणे,” मी म्हटलं, “हे मास्तरांनी स्वतः घातलेले नाहीत.”

२

दुकान अरुंद आणि लांबट. भिंतीभर काचेच्या फळ्या, फळ्यांवर जोड्या, जोड्यांखाली मास्तरांच्या तिरप्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. माणूस गेला होता, अक्षर अजून बोलत होतं.

‘बाईचा आवाज छान. ढोल कमी. चालेल.’

‘खोक्यावर खूप लिहिलंय, कानात काहीच नाही.’

‘तासभर घातली तरी कान दुखत नाही. वायर तुटली तर निराळी लावता येते. गरिबाने हीच घ्यावी, श्रीमंतानेही.’

आणि गल्ल्यामागे, मोठ्या कागदावर, नव्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी जोडलेल्या दोन ओळी:

आधी बसू दे कानात, मग शिरू दे मनात;
ढोल असावा दारात, शब्द असावा घरात.

म्हणजे आधी टोपीचं माप बघा, मग सुरांच्या गप्पा. आणि ढोलाने शब्द गिळता कामा नये. एवढं कळलं की स्वस्तातली जोडीही सोन्यासारखी गाते, असं ते म्हणायचे.

दुकानात तीन माणसं. मालक. मालकांची थोरली बहीण, सगळ्यांची ताई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून दुकानाच्या माडीवर राहते आणि गल्ला सांभाळते. आणि मागे अंगणाच्या कडेला, खिडकीशी इअरफोनच्या तुटलेल्या तारा डाग देऊन जोडत बसणारे डागकाका. अंगणापलीकडे मास्तरांची ऐकायची खोली, जाड गाद्यांनी आतून मढवलेली.

मालकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलणं मऊ.

“काय सांगू बाई, घरचा माणूस गेला. मी गाडी मागे घेत होतो. मागे घेताना ती पीं-पीं वाजतेच. वर मी हॉर्न मारला. पण कानात बोळे घातल्यावर माणूस काय ऐकणार? जगाला शहाणपण शिकवलं आणि स्वतः...” त्यांनी हात झाडले.

“मलाही एक जोडी हवी आहे,” मी म्हटलं. “गाण्यासाठी. स्वस्त आणि मस्त. कोणती घेऊ?”

“चिठ्ठी वाचा आणि घ्या. मला विचाराल तर मी आजवर एकही कानात घातली नाही.” ते हसले. “गुदगुल्या होतात. स्वयंपाक्याची भूक वासानेच मरते, तसं.”

“निदान घालायची कशी ते दाखवा.”

त्यांनी फळीवरची एक जोडी उचलली, शेपटीने उंदीर धरावा तशी वायरीने लोंबती. माझ्यासमोर उभे राहिले. उजव्या बाजूची नळी त्यांच्या उजव्या हातात, आणि त्यांचा उजवा हात म्हणजे माझा डावा कान. तिथेच त्यांनी ती टेकवली. वायर गळ्यावरून खाली लोंबत राहिली. मी मान हलवली, दोन्ही नळ्या ओघळून पडल्या.

समोर उभं राहून दुसऱ्याला घालताना डावं-उजवं उलटतं. आरशाला सवय असते, माणसाला नसते. मास्तरांच्या कानातही हेच झालं होतं.

मी मोकळी हवा हवी म्हणून मागच्या दाराने अंगणात आले. फरशी धुतलेली होती. इतर जागेपेक्षा एक चौकोन जास्तच स्वच्छ. पाप धुतलं की जागा उजळते, आणि तीच जागा चुगली करते. मी वाकून बघत होते. पाखराचा आवाज नाही, पानाचा नाही. अचानक माझ्या पाठीवर ऊन होतं ते गेलं.

वळून पाहिलं. गाडीचं पांढरं नाक माझ्यापासून हातभर अंतरावर उभं होतं.

काचेमागे मालक. हसत होते.

“सरका बाई. बॅटरीवरची आहे, आवाज नसतो तिला. मागे घेतानाच तेवढी वाजते.”

३

“वाजायची,” डागकाका म्हणाले.

मी त्यांच्या खिडकीशी बसले होते. टेबलावर उघडलेले इअरफोन, केसाएवढ्या तारा, वितळलेल्या डागाचा धूर ओढून घेणारा घरघरता पंखा. काकांचे हात थरथरायचे. डागणी हातात आली की मात्र थांबायचे, रडणारं पोर कडेवर घेतल्यावर थांबतं तसे.

“वाजायची म्हणजे?”

त्यांनी खणातून एक जोडी काढली. हाताने बनवलेली, काळीभोर, देखणी.

“ही माझी. तीन महिने खपलो. वाटलं, मास्तर चिठ्ठी लिहितील आणि माझं नाव होईल. काय लिहिलं बघा.”

चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. ‘ढोल घरात शिरलाय. शब्द बिचारा दाराबाहेर उभा. नापास.’

“राग आला असेल.”

“राग? असं वाटलं, म्हाताऱ्याचे कान उपटावेत. तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी स्वतः ऐकली.” काकांनी नाक ओढलं. “म्हातारा खरं बोलत होता. ती जोडी सुधारायला मग तोच रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसायचा. त्याला बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून त्याच्या जोडीला लाल दोरा मीच बांधला.”

“मग तुम्हांला माहीत आहे, ते अंगणात कधी कानात घालून यायचे का?”

“छे! एक जोडी ऐकून झाली की कानातलं काढून ठेवायचे आणि खोलीच्या पायरीवर येऊन बसायचे. दहा मिनिटं. विचारलं तर म्हणायचे, ‘कान धुतोय.’ शांततेने कान धुवायचे आणि मग दुसरी जोडी. रोज सव्वाचारला पायरीवर. घड्याळ लावून घ्यावं.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“मला कोण विचारतंय? आणि विचारलं असतं तरी...” त्यांनी डागणी स्टँडवर ठेवली. “बाई, त्या पीं-पींची तार मीच तोडली.”

“कधी?” मी विचारलं.

“महिना झाला. तो आवाज गाद्यांतून खोलीत शिरायचा, ऐकणं मध्येच थांबायचं. मास्तर म्हणाले होते, ‘वाजू द्या, मी थांबतो.’ मालकांना धीर नव्हता. माल आलाय, चिठ्ठ्या हव्यात, दिवसाला दुप्पट हव्यात. मला म्हणाले, काका, घ्या कापून. मी कापली. गाडी मुकी झाली. त्या दिवशी पंखा चालू होता, मला काही ऐकू आलं नाही. बाहेर आलो तेव्हा मालक रस्त्यावर दवाखान्याची गाडी बोलवत होते. ताई फरशीवर बसली होती, मास्तरांचं डोकं मांडीवर. कानात वायर होती. मी पाहिली. मला कळलं, हे खोटं आहे. आणि मी गप्प बसलो. ती कात्री माझी होती ना.”

मालकांनी आवाज कापायला लावला. मालकांच्या हातून माणूस गेला. मालकांनाच डावं-उजवं कळत नाही. तीन बोटं एकाच दिशेला. मला वाटलं, संपलं.

ताईला भेटायचं राहिलं होतं, ते निव्वळ रीत म्हणून.

४

ताई पन्नाशीची, सुकलेल्या फुलासारखी. रंग गेलेला, आकार शाबूत. गल्ल्याशी तिच्या उजव्या हाताजवळ एक उथळ लाकडी पेटी होती. पेटीवर मास्तरांची चिठ्ठी: ‘ऐकायच्या खोलीत फोन नको. इथे ठेवा.’

“मास्तरही ठेवायचे?” मी विचारलं.

“नियम करणाऱ्याने नाही पाळला तर कोण पाळणार?” ती म्हणाली. “खोलीत ते जुन्या छोट्या प्लेअरवर ऐकायचे.” मग, तोंडातून निसटलेला शब्द परत गिळावा तशी ती थांबली.

“इअरफोन कसे घालायचे ते मालकांना विचारलं,” मी म्हटलं, “पण त्यांना काही घालता येईना.”

“त्याला काय येतंय! आई गेली तेव्हा हा एवढासा. मीच न्हाऊ घातला, मीच भरवला. अजून बुटाची नाडी कुणीतरी बांधून द्यावी लागते.” बोलताना तिच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच मेलं. “ये इकडे. मी घालते. पंधरा वर्षं लोकांचे कान हाताळतेय.”

ती समोर उभी राहिली. एकदाच माझ्या कानांकडे पाहिलं, तीन मापांतून मधली टोपी उचलली. उजवी उजवीकडे, डावी डावीकडे, न बघता. एका बोटाने कानाची पाळी किंचित वर ओढली, दुसऱ्याने नळी आत बसवली. इतकं अलगद, की आई काजळ घालते ते आठवलं. जग एकदम दूर गेलं.

मग तिने काहीतरी म्हटलं. ओठ हलले, शब्द पोचले नाहीत. मी एक नळी काढली.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, तुला कान वाचता येतात ना?” तिने माझ्या डोळ्यांत रोखून पाहिलं. “मग मला काय विचारतेस, पोरी?”

तिने नळी परत माझ्या कानात घातली आणि आरसा समोर धरला.

आरशात मी होते. वायर दोन्ही कानांवरून मागे गेलेली, म्हणजे अंगावर घासून खरखर करू नये म्हणून. आणि हनुवटीखाली सरकती गाठ घट्ट वर ओढलेली.

लहान मुलाच्या टोपीची नाडी बांधतात तशी.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी चिमणीला घेऊन गेले. डागकाकांना बोलावलं. मालक शटर अर्धं वर करून उभे होते; अंधार आणि उजेड दोन्ही त्यांच्या अंगावर.

“बाई, पुन्हा? आता काय, माझे कान तपासायचेत?”

“तुमचे ठीक आहेत,” मी म्हटलं. “मास्तरांचे तपासून झाले.”

मी साचे गल्ल्यावर ठेवले. लाल दोऱ्याची जोडी शेजारी. टोप्यांची मापं दाखवली, डावं-उजवं उलटलेलं सांगितलं. मास्तरांनी स्वतःच्या अरुंद कानात ती मोठी टोपी पिळून घालणं शक्य नव्हतं. सव्वाचारला ते रोज पायरीवर कान मोकळे करून बसत. त्यांचा फोन या पेटीत असे. गाडीची पीं-पीं महिन्यापूर्वी कापलेली होती.

“काका!” मालक ओरडले.

“मी सांगितलं,” डागकाका म्हणाले. “ओरडा. मी ऐकून घेईन.”

मालकांचा चेहरा भिंतीसारखा झाला. “बरं. गाडी मुकी होती. माझी चूक. पण कानातलं? मला घालता येतं का कुणाच्या? तुम्हीच पाहिलंत.”

“पाहिलं. तुम्ही उलटं घातलंत आणि मला वाटलं, चोर सापडला. पण तुमची वायर खाली लोंबत होती. मास्तरांची कानांवरून मागे घेतलेली होती, गाठ नीट ओढलेली होती. म्हणजे हात तयार माणसाचा आणि चूक नवख्याची. हे दोन्ही एका वेळी कसं होईल?”

माझं मलाच पुढचं बोलणं जड झालं.

“घाईत होतं असं,” मालक पुटपुटले. “माणूस घाबरतं.”

“घाबरलेला हात विसरेल, जोर नाही लावणार. ती टोपी त्या कानात आपोआप जात नाही. पंधरा वर्षं कान हाताळणाऱ्या बोटाला पहिल्या स्पर्शालाच कळतं की ही टोपी या कानाची नव्हे. तरी ती पिळून आत घातली. दुकानात शेकडो जोड्या होत्या, एकसारख्या टोप्यांच्या. त्यातली एखादी घातली असती तर मला जन्मात काही कळलं नसतं. पण निवडली मास्तरांचीच. जिच्यावर लाल दोरा आहे, जिच्या टोप्यांची मापं दोन आहेत, जी उलटी घातली तर ओरडून सांगेल.” मी ताईकडे वळले. “ती चूक नव्हती. तो निरोप होता. भावाने सांगितलं ते हातांनी केलं आणि जे तोंडाने सांगता येत नव्हतं तेही हातांनीच सांगितलं. बरोबर ना?”

ताई गल्ल्यामागे बसली होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“ताई,” मालक म्हणाले. आता त्यांचा आवाज लहान झाला होता, अगदी एवढासा. “ताई, गप्प बस.”

“गप्पच बसले होते रे,” ती म्हणाली. “तू म्हणालास, ताई, मला वाचव, त्यांच्या कानात काहीतरी घाल. तुला काही नाकारायची मला सवय नाही. तुझ्या नाडीची गाठ बांधली तशी ही बांधली, गाणं लावून फोन त्यांच्या खिशात सारला. पण खोटं तरी किती नीट बांधायचं?” तिने मान हलवली. “एक टाका मुद्दाम उसवलेला ठेवला. वाटलं, कुणाला दिसला तर दिसला. नाही दिसला तर देवाची मर्जी.”

मालक शटरला टेकून खाली बसले. आधाराला हात शोधत होते. कुणी दिला नाही.

मला वाटलं, झालं. पण चिमणी पुढे आली. तिने ती उथळ पेटी हाताने चाचपली, आत काही उरलंय का बघावं तशी.

“फोन इथे होता,” ती म्हणाली. “म्हणजे बाबांनी रिंग ऐकली नाही. एवढं मला पुरे आहे. ते रागावले होते का नव्हते, ते आता कुणालाच...”

“पुरे नाही,” ताई म्हणाली.

तिचा आवाज इतका कोरडा होता की डागकाकांनी मान वर केली.

“ताई, राहू दे,” मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. पुढे काहीतरी येतंय, एवढंच कळलं. आवाज नसलेली गाडी यावी तसं.

“नाही. सगळ्यांना वाटतं, मी भावासाठी गप्प बसले. ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं हिच्यासाठी.” ती उठली, गल्ल्याला वळसा घालून आली आणि चिमणीसमोर उभी राहिली, गिऱ्हाइकासमोर उभी राहायची तशी, हातभर अंतरावर. “मी तुला सांगणार नव्हते गं. सांगितलं की तू जन्मभर तो फोन हातात धरून बसशील, म्हणून. पण ते रागावून गेले असं मनात घेऊन तू त्याहून वाईट जगशील, हे मला आत्ता कळलं.”

“काय ते सांगा.”

“पहिली रिंग वाजली तेव्हा फोन इथे, माझ्या हाताशी. तुझं नाव दिसलं. चिमणी. ते पलीकडे पायरीवर बसले होते, कान धूत. सकाळपासून एक जोडी धड ऐकली नव्हती त्यांनी. मला म्हणाले होते, ताई, आज कानात पोरीचाच आवाज आहे, दुसरं काही शिरत नाही. मी मागच्या दारात गेले आणि हाक मारली. मास्तर, चिमणीचा फोन!”

चिमणीचा हात पेटीवर थिजला.

“उठले. गुडघे धरून उठणारा माणूस, पण उडी मारल्यासारखा उठला. ‘आलो म्हणावं तिला, आलो, ठेवू नको म्हणावं.’ हसत येत होते. माझ्याकडे बघत, फोनकडे बघत. गाडीकडे बघायचं कारणच नव्हतं, गाडी बोललीच नाही.” ताईने मागच्या दाराकडे पाहिलं. “दुसरी आणि तिसरी रिंग माझ्या हातात वाजली. ती मी ऐकली, त्यांनी नाही. त्यांनी पहिलीच ऐकली होती.”

तिने दोन्ही हात उचलले आणि चिमणीचे केस कानांमागे सारले, अलगद, उजवे उजवीकडे, डावे डावीकडे.

“त्यांचे कान उघडे होते गं,” ती म्हणाली. “हाक मी मारली. ते तुझ्याकडेच येत होते.”